टेम्पोची खूण स्कोअरमध्ये नेमकी कुठे दिसावी, हे कसं ठरवायचं? (म्यूझस्कोअर ४, १४ स्टाफ, ढोल-ताशासकट)

पंचवटीचा_पावा
मंगळवार, रात्री ११:२०

नमस्कार मंडळी. दिवाळी पाडव्याच्या पहाटेसाठी आमचा वाद्यवृंद बसवतोय. कार्यक्रम गंगेवर उघड्यावर आहे, अंधारातच सुरू होणार, म्हणजे प्रत्येकाने स्टँडला क्लिपचा दिवा लावून वाचायचंय (बाहेरगावच्यांसाठी, आम्ही नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतो). दोन बासऱ्या, दोन क्लॅरिनेट, ट्रंपेट, ट्रॉम्बोन, हार्मोनियम, तीन व्हायोलिन, चेलो आणि खाली ढोल, ताशा, झांज असे १४ स्टाफ, म्हणजे वाद्यागणिक एक ओळ, स्कोअरमध्ये (सगळ्यांच्या एकत्र पानात) झालेत.

म्यूझस्कोअरमध्ये (संगणकावर नोटेशन लिहायचा प्रोग्रॅम) टेम्पो, म्हणजे लयीची खूण, टाकला की तो सगळ्यात वर, पहिल्या बासरीच्या डोक्यावर येतो. ढोल बाराव्या ओळीवर. मी समोर उभा राहून हात देतो, तेव्हा नजर बहुतेक वेळ खाली तालवाद्यांवर असते आणि लय बदलते ती जागा वर आहे, मान वर-खाली करण्यात एखादी सम हातची जाते. म्हणून मी काय केलं, तर ढोल, ताशा आणि पहिलं व्हायोलिन या तिघांच्या वर स्टाफ टेक्स्ट घेऊन ‘क्वार्टर = ९६’ (मिनिटाला ९६ ठोके) असं हाताने टाइप केलं. दिसायला छान दिसलं.

मग रविवारच्या तालमीत ठरलं की सी या अक्षरापासून (तालमीत जागा सांगायला स्कोअरवर घातलेली अक्षरं असतात ना, त्यातलं) लय ९६ ऐवजी १०४ ठेवायची. घरी येऊन वरचा टेम्पो बदलला, पार्ट (एकेका वाद्याची सुटी पानं) परत छापले. आज संध्याकाळी तालीम झाली. सी ला आठ बार (चार-चार ठोक्यांचे) ढोल एकटाच असतो, बाकी सगळे थांबलेले, म्हणजे लय तोच देतो. त्याने ९६ ला उचललं आणि आठ बारनंतर बाकीचे १०४ च्या हिशोबाने येऊन आदळले. मी त्या मुलाला सगळ्यांसमोर बोललो. मग त्याने शांतपणे पान पुढे केलं. त्याच्या पानावर सी च्या वर दोन आकडे छापलेले होते, वर १०४ आणि त्याच्या खाली, स्टाफला चिकटून, ९६. त्याने जवळचा वाचला. चूक त्याची नव्हतीच, माझी होती, आणि मी त्याची तिथेच माफी मागितली.

आता मला हे नीट शिकायचंय. टेम्पोची खूण एकच राहावी, पण मला हवी तिथे दिसावी, हे कसं करायचं? कुणी सविस्तर सांगेल का. पार्टमध्ये काय होतं तेही सांगा प्लीज.

लयकारी
बुधवार, सकाळी ७:०५

दादा, आधी त्या ढोलवाल्या मुलाला माझ्याकडून शाबासकी सांगा, पानावर जे आहे ते वाजवलं त्याने.

आता मूळ मुद्दा. तुमच्या डोक्यात दोन प्रश्न एकत्र झालेत, ते सुटे करा. ही खूण कुणाची आहे हा एक प्रश्न, आणि ती कुठे दिसते हा दुसरा. टेम्पो एका वाद्याचा नसतो, तो सगळ्या मेळाचा असतो. म्हणून म्यूझस्कोअर त्याला सिस्टिमची वस्तू मानतं, रिहर्सलची अक्षरं आणि सिस्टिम टेक्स्ट पण त्याच जातीचे. असली वस्तू तुम्ही कुठल्याही स्टाफच्या नोटवर उभं राहून टाका, ती जाऊन बसते वरच्या स्टाफवर, आणि प्रत्येक पार्टमध्ये आपोआप जाते. ढोलाच्या पार्टमध्ये १०४ आला तो असाच आला, तुम्ही तिथे काही करायची गरजच नव्हती.

स्टाफ टेक्स्ट ही दुसरी जात. ते फक्त त्या स्टाफचं आणि त्या पार्टचं असतं. ‘म्यूट लावा’, ‘टिपरू हलकं’, असल्या सूचनांसाठी ते. त्यात तुम्ही आकडा लिहिलात तरी प्रोग्रॅमच्या लेखी ते नुसतं अक्षर, प्लेबॅक (प्रोग्रॅम स्वतः वाजवून दाखवतो ते) त्याच्याकडे बघतही नाही, आणि वरचा आकडा बदलला तर त्याला काही पत्ता लागत नाही. म्हणून तुमच्याकडे एक खरा टेम्पो आणि तीन अनाथ आकडे तयार झाले.

तेव्हा पहिलं काम, ते तिन्ही स्टाफ टेक्स्ट पुसा. एकावर राइट क्लिक करून सिलेक्टमधून ‘मोअर’ मध्ये जाऊन सारखे सगळे निवडता येतात, पण तुमच्या बाकीच्या सूचना पण स्टाफ टेक्स्टच असतील, तेव्हा घाईने डिलीट दाबू नका, एकेक बघून काढा.

दुसरं, ढोलावर टेम्पो दाखवायचा तर आता त्याची सरळ सोय आहे. तुमचं चारचं व्हर्जन जुनं असेल तर आधी अपडेट करा. एफ ७ दाबून डावीकडचं लेआउट पॅनेल उघडा, जुन्या व्हर्जनमध्ये त्याला इन्स्ट्रुमेंट्स म्हणायचे. त्यात ढोल निवडा आणि सिस्टिम मार्किंग्ज जोडायचा पर्याय घ्या. ढोलाच्या वर तशी एक ओळ येते आणि स्कोअरमध्ये टेम्पो वर बासरीवरही दिसतो आणि ढोलावरही. ही नक्कल वरच्याशी बांधलेली असते, एकीकडे १०४ केलं की दुसरीकडे १०४. रिहर्सलची अक्षरं पण तिथे येतील, ते तुमच्या फायद्याचंच आहे.

ऑफिसला निघतोय, हलवाहलवीबद्दल रात्री लिहितो.

ताशा_तर्री
बुधवार, सकाळी ९:४०

मी वाचणाऱ्याच्या बाजूने बोलतो. आम्ही पथकात पाठांतरावर वाजवणारी पोरं, कागद वाचायला दोन वर्षांपूर्वी शिकलो. मला पानावर तीनच गोष्टी लागतात. किती बार गप्प बसायचं, कुठल्या अक्षराला उचलायचं, आणि किती लयीत. ह्या तिन्ही एकाच नजरेत दिसल्या पाहिजेत. लय कोपऱ्यात आणि अक्षर दुसरीकडे असं असलं की ताशाची काडी हातात असताना डोळा फिरवायला वेळ नसतो, तर्री (ताशाचं सलग वाजणं) चालू असते.

आणि एक, लय जिथे बदलते त्याच्या आधी जर मी १६ बार थांबलेलो असेन तर मला ती थांबण्यातच कळली पाहिजे. मागच्या एका कार्यक्रमात (कुणाचा ते सांगत नाही) माझ्या पानावर लांबलचक आडवी पट्टी आणि वर १६ एवढंच होतं. मध्ये दहाव्या बारला सगळ्यांची लय वाढली होती ते माझ्या पानावर कुठेच नाही. मी जुन्या लयीत मोजत बसलो आणि उशिरा आलो.

लयकारी
बुधवार, रात्री १०:१५

ताशावाल्या भाऊंनी लाखातली गोष्ट सांगितली, त्याचं कारण सांगतो, कारण ते याच विषयाचं आहे. पार्टमध्ये सलग रिकामे बार एकत्र करून एक पट्टी होते, मल्टिमेझर रेस्ट. खरी टेम्पोची खूण मध्ये आली तर ती पट्टी तिथे तुटते. म्हणजे १६ ऐवजी ९ आणि ७ अशा दोन पट्ट्या छापल्या जातात आणि दुसरीच्या वर नवी लय लिहिलेली येते. वाजवणारा नऊ मोजतो, नवी लय बघतो, सात मोजतो. पण ज्याने स्कोअर लिहिला त्याने ‘थोडं जलद’ हे फक्त बासरीवर स्टाफ टेक्स्ट म्हणून टाकलं असेल तर ताशाच्या पार्टला ते माहीतच नाही, पट्टी अखंड राहते. पावा दादा, तुमच्या फाइलमध्ये अशा शब्दांतल्या सूचना पण तपासा. आकडा नसला तरी लयीची सूचना ही टेम्पो टेक्स्टच हवी.

आता जागा. तीन पातळ्या आहेत आणि लोक नेहमी तिसरीपासून सुरू करतात, म्हणजे माउसने धरून ओढतात. ओढू नका. ओढल्याने अक्षर हलतं, त्याची गाठ जिथे मारलीय ती नोट तीच राहते. खूण निवडलीत की अक्षरापासून त्या नोटपर्यंत एक तुटक रेघ दिसते, ती रेघ बघायची सवय लावा. मी एकाचा स्कोअर बघितला होता, त्याने टेम्पो ओढत ओढत पुढच्या बारच्या डोक्यावर नेला होता. डोळ्याला बरोबर, पण प्लेबॅकमध्ये लय एक बार आधी बदलायची आणि पार्टमध्ये ओळी वेगळ्या पडल्यावर ते अक्षर भलत्याच ठिकाणी गेलं. जागा चुकीची वाटली तर खूण पुसून बरोबर नोटवर परत टाका, ऑल्ट शिफ्ट टी, पाच सेकंदाचं काम. आधीच ओढून ठेवलेल्या असतील तर सगळ्या निवडून कंट्रोल आर, मूळ जागी येतात.

पूर्ण स्कोअरसाठी एकच नियम हवा असेल तर फॉरमॅटमधून स्टाइल, तिथे टेम्पो. वर की खाली, स्टाफपासून किमान अंतर किती, आडवं-उभं किती सरकवायचं, हे तिथे एकदाच भरायचं. माप स्टाफ स्पेसमध्ये असतं, म्हणजे दोन रेघांमधली जागा हे एक. त्यामुळे पान लहान-मोठं केलं तरी प्रमाण बिघडत नाही.

आणि एखाद्याच खुणेचं दुखणं असेल तर ती निवडून उजवीकडे प्रॉपर्टीज. ऑटोमॅटिक प्लेसमेंट चालू असताना प्रोग्रॅम स्वतः धडका टाळतो, म्हणून ते शक्यतो बंद करू नका. बंद केलंत की पुढे वर एखादी उंच नोट आली तरी अक्षर जागचं हलणार नाही, तिच्यावरच बसेल.

काळी_दोन
गुरुवार, सकाळी ६:३०

मी हार्मोनियम वाजवते, वय ६४, स्टाफ नोटेशन नातवाकडून शिकले. इथली चर्चा वाचून मला आपल्या स्वरलिपीची आठवण आली. भातखंडे पद्धतीत बंदिशीच्या डोक्यावर रागाचं नाव, तालाचं नाव आणि कंसात लय, ‘त्रिताल, मध्यलय’ अशी. एकदाच, वर. मग खाली मात्रांच्या रकान्यात समेला फुली, खालीला शून्य. पलुस्कर पद्धतीत समेला १ आणि खालीला अधिकची खूण. मंद्राची आणि ताराची चिन्हंही दोघांची वेगळी, भातखंड्यांच्यात वरचं टिंब म्हणजे तार आणि पलुस्करांच्यात वरचं टिंब म्हणजे मंद्र. म्हणजे खूण तीच, जागा तीच, अर्थ उलटा! लहानपणी मला दोन्ही पद्धतीची पुस्तकं हाताळावी लागली, तेव्हापासून खुणेच्या जागेबद्दल मी फार काटेकोर झाले आहे. आणि विष्णु दिगंबर पलुस्कर तर शेवटची वर्षं आपल्या नाशकातच राहिले, रामनाम आधार आश्रमात, त्यांचे चिरंजीव द. वि. पलुस्कर १९२१ साली इथेच जन्मले. त्या गावात बसून आपण हे बोलतोय याचं मला फार बरं वाटलं.

माझा प्रश्न असा की आकड्याबरोबर ‘मध्यलय’, ‘द्रुत’ असे शब्द लिहिता येतील का? मला १०४ वाचून पटकन काही डोळ्यासमोर येत नाही, मध्यलय म्हटलं की हात आपोआप ठरतो.

लयकारी
गुरुवार, सकाळी ८:५०

ताई, नक्की येतात. टेम्पो टेक्स्टमध्ये डबल क्लिक करून आकड्याच्या आधी हवं ते लिहा. फक्त फाँट बदलावा लागेल, टेक्स्ट स्टाइल्समध्ये टेम्पो निवडून मुक्ता किंवा नोटो सान्स देवनागरी लावा, म्हणजे जोडाक्षरं नीट उमटतील आणि सगळीकडे सारखी दिसतील. आणि प्लेबॅकची भानगड नको असेल तर प्रॉपर्टीजमध्ये ‘फॉलो रिटन टेम्पो’ ची टिक काढून बीपीएम हाताने भरा. मग वर मराठीत काहीही लिहा, लय भरलेल्या आकड्यानेच चालेल. पण मग आकडा दोन ठिकाणी झाला, एक दिसणारा आणि एक वाजणारा, बदलताना दोन्ही बदलायचे हे लक्षात ठेवा. पावा दादांना जे झालं तेच परत नको.

शब्द आणि आकडा दोन्ही असावेत या मताचा मी आहे. मेट्रोनोम बाजारात आला १८१५ च्या सुमारास, मेल्झेलने पेटंट घेतलं, आणि १८१७ मध्ये बेथोव्हेनने आपल्या सिम्फन्यांना आकडे जाहीर केले. त्याच्या आधीपासून शब्दच होते, आणि आकडे आल्यावरही शब्द गेले नाहीत. शब्दाने चाल कळते, आकड्याने माप.

देवळालीकर
गुरुवार, दुपारी २:१०

मी फौजेच्या बँडमध्ये २२ वर्षं क्लॅरिनेट वाजवून निवृत्त झालो. एक वेगळं मत मांडतो. १४ स्टाफच्या पानावर टेम्पो पाच ठिकाणी दाखवू नका. मोठ्या ऑर्केस्ट्राच्या स्कोअरमध्ये तो सगळ्यात वर असतो आणि दुसऱ्यांदा व्हायोलिनच्या वर, बस. याचं कारण आहे. हात देणाऱ्याची नजर पानाच्या दोन जागी टेकते, वरची कड आणि तंतुवाद्यांची सुरुवात. तुमच्या मेळात तंतुवाद्यांच्या जागी ढोल आहे असं समजा, तुमची नजर तिथे टेकते म्हणता ना. तर वर आणि ढोलावर, दोनच. व्हायोलिनवर कशाला? ताशा ढोलाच्या लगेच खाली आहे, त्यालाही वेगळा नको. स्कोअर तुमच्यासाठी, वाजवणाऱ्यांसाठी पार्ट. वाजवणारा तुमचा स्कोअर बघत नाही.

आम्ही पार्ट हाताने उतरवायचो. बोरू आणि शाईने. उतरवणाऱ्याचा एक नियम होता, लय ठळक अक्षरात, पहिल्या ओळीत तालाच्या अंकाच्या बरोबर वर, डावी कड डाव्या कडेला जुळवून. चार बटे चार जिथे सुरू होतो तिथेच लयीचं पहिलं अक्षर. इंचभरही पुढे नाही. मध्ये लय बदलली तर ज्या ठोक्याला बदलते त्या नोटच्या डोक्यावर पहिलं अक्षर. अंधुक उजेडात नजर सरळ वर जाते आणि सरळ खाली येते, तिरकी जात नाही. गंगेवर पहाटे वाजवणार आहात म्हणून मुद्दाम सांगतोय.

पंचवटीचा_पावा
गुरुवार, रात्री ११:४५

काय सांगू, इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. सगळ्यांचे आभार. काका, तुमचं पटलं, व्हायोलिनवरचं काढलं. लयकारी दादांनी सांगितलं तसं लेआउट पॅनेलमधून ढोलावर सिस्टिम मार्किंग्ज जोडलं, एका मिनिटात झालं. आणि शब्दांतल्या सूचना तपासल्या तर खरंच दोन ठिकाणी ‘जलद’ हे बासरीवर स्टाफ टेक्स्ट निघालं. ते टेम्पो टेक्स्ट केल्याबरोबर ताशाच्या पार्टमधली १६ ची पट्टी तुटून ९ आणि ७ झाली. ते डोळ्यांनी बघितलं तेव्हा अंगावर काटा आला, म्हणजे आत्तापर्यंत तो पोरगा अंदाजाने येत होता.

दोन अडचणी राहिल्या. एक, सी ला अक्षराची चौकट आणि टेम्पो एकावर एक चढतात, त्यामुळे पार्टमध्ये टेम्पोची ओळ आणि वरच्या ओळीतली नोट यांच्यात जागा उरत नाही. दुसरी, शेवटचा तुकडा दादऱ्याच्या अंगाचा आहे, तो ६/८ मध्ये लिहिलाय, तिथे क्वार्टर = ८० टाकलं तर प्लेबॅक फार संथ वाजतो. आम्ही प्रत्यक्षात तसं वाजवत नाही.

लयकारी
शुक्रवार, सकाळी ७:२०

दुसरी आधी, ती सोपी आहे. ६/८ मध्ये ठोका डॉटेड क्वार्टरचा (म्हणजे दीड क्वार्टरचा), एका बारला दोन ठोके. तुम्ही ८० मोजता ते ठोके, पण लिहिलंत क्वार्टर. क्वार्टर ८० म्हणजे डॉटेड क्वार्टर जेमतेम ५३, म्हणून संथ. टेम्पोच्या पॅलेटमधून डॉटेड क्वार्टरची खूण घ्या आणि ८० लिहा. दादऱ्याच्या सहा मात्रा म्हणजे सहा एट्थ, मिनिटाला २४० मात्रा, आवर्तन दीड सेकंदात. हाताने टाळी देऊन बघा जुळतं का.

पहिली. अक्षर आणि टेम्पो एकाच नोटवर आले की प्रोग्रॅम एक खाली आणि एक वर रचतो. शेजारी-शेजारी हवे असतील तर फक्त तेवढा टेम्पो निवडा, प्रॉपर्टीजमध्ये आडवा ऑफसेट चौकटीच्या रुंदीइतका उजवीकडे द्या, साधारण तीन-साडेतीन स्टाफ स्पेस. चौकटीच्या बाहेर पडल्याबरोबर तो आपोआप खाली, स्टाफजवळ येतो, कारण आता त्याच्या खाली कुणी नाही. काकांचा डावी-कडेचा नियम मोडतो हे मान्य, पण अक्षराची डावी कड तरी बारलाइनवर आहे, नजर तिथे आधी जाते. हे पार्टमध्येच करा. स्कोअरमध्ये उभी जागा आहे, तिथे राहू दे.

कोमल_धैवत
शुक्रवार, दुपारी १२:३०

मी लिलीपाँड (नोटेशन लिहायचा दुसरा प्रोग्रॅम) वापरते, म्हणून थोडं त्या बाजूचं लिहिते, इथे कुणी वापरत असेल तर उपयोगी पडेल. तिथे माउस नाहीच, सगळं टाइप करायचं, त्यामुळे खूण कुणाची आणि दिसते कुठे हा फरक तुम्हाला लिहूनच द्यावा लागतो. टेम्पो काढणारा एक घटक असतो, मेट्रोनोम मार्क एन्ग्रेव्हर. तो मुळात स्कोअर या पातळीवर बसवलेला असतो, म्हणून खूण सगळ्यांच्या वर एकदाच. तो स्कोअरमधून काढून स्टाफ पातळीवर बसवला तर प्रत्येक स्टाफवर खूण येते. आणि नुसत्या तालवाद्यांच्या गटावर हवी असेल तर त्या स्टाफ ग्रुपला तो जोडायचा. पहिल्यांदा समजलं तेव्हा मी अर्धा तास नुसती हलवून बघत बसले होते, इतकं स्वच्छ वाटलं ते. अक्षर आणि टेम्पो एकमेकांना धडकतात तिथे मार्क लेंग्थ ऑन अशी आज्ञा आहे, ती नोटांमधलं अंतरच वाढवून दोघांना शेजारी जागा करून देते. आकडा नको, नुसता शब्द हवा, तर टेम्पो हाइड नोट.

सातपूरकर
शुक्रवार, संध्याकाळी ७:५५

+१. मी बरीच वर्षं फिनाले वापरलं, १९८८ पासूनचा प्रोग्रॅम तो, ऑगस्ट २०२४ मध्ये कंपनीने त्याचं काम थांबवल्याचं जाहीर केलं तेव्हा फार वाईट वाटलं. तिथे टेम्पोच्या खुणांच्या गटाला स्कोअर लिस्ट लावता यायची, कुठल्या कुठल्या स्टाफवर दिसायचं त्याची यादीच. सिबेलियसमध्ये सिस्टिम ऑब्जेक्ट पोझिशन्स आहे, तिथे वरच्याशिवाय आणखी कुठे दाखवायचं ते टिक करायचं. डोरिकोमध्ये लेआउट ऑप्शन्समधून वाद्यांच्या कुठल्या गटावर दाखवायचं ते ठरतं, आणि ते प्रत्येक लेआउटला वेगळं ठेवता येतं. नावं वेगळी, विचार एकच, जो लयकारी दादांनी पहिल्या प्रतिसादात सांगितला.

एक खबरदारी. जुन्या प्रोग्रॅममधली फाइल म्यूझिकएक्सएमएलने आणलीत तर उघडल्यावर पहिलं काम, प्रत्येक लयीची खूण निवडून ती टेम्पो आहे की नुसतं टेक्स्ट आहे ते प्रॉपर्टीजमध्ये बघा. माझ्या एका जुन्या मार्चमध्ये चार ठिकाणी नुसती अक्षरं आली होती. दिसायला हुबेहूब.

देवळालीकर
शनिवार, सकाळी ८:००

अजून एक, ‘रिटार्ड’ बद्दल, म्हणजे लय हळूहळू मंद करण्याबद्दल. तीही लयीचीच खूण आहे आणि तिची शेपटी कुठे संपते ते वाजवणाऱ्याला दिसलं पाहिजे. नुसतं ‘रिट.’ लिहून सोडलं तर १४ माणसं १४ ठिकाणी लय परत उचलतात.

लयकारी
शनिवार, सकाळी ९:१०

बरोबर काका. टेम्पोच्या पॅलेटमध्ये रिट. आणि अ‍ॅक्सेल. च्या तुटक रेघा आहेत, जेवढा भाग मंद व्हायचा तेवढा निवडून त्यावर क्लिक करायचं. रेघ प्लेबॅकमध्येही वाजते आणि पार्टमध्येही जाते. टोक पुढे-मागे करायचं तर टोकाचा चौकोन निवडून शिफ्ट आणि बाण. संपली की ‘ए टेम्पो’ ची खूण लगेच पुढच्या ठोक्यावर, तीही पॅलेटमधूनच घ्या, टाइप करू नका.

आणि ओळीच्या अगदी शेवटच्या बारला लांब टेम्पो आला, ‘द्रुत, ढोलासोबत’ वगैरे, तर तो समासाबाहेर जातो. आदल्या बारलाइनवर क्लिक करून एंटर दाबा, तो बार नव्या ओळीवर जाईल. लय बदलते तो बार ओळीच्या सुरुवातीला आला तर वाचणाऱ्याला तसाही सोपा.

काळी_दोन
शनिवार, सकाळी ११:२५

आणि अक्षराचा आकार? माझ्यासारख्या चष्मेवाल्यांचा विचार करा. क्लिपच्या दिव्याखाली चकचकीत कागद तर मुळीच नको, साधा जाड कागद घ्या, उजेड परत डोळ्यात येत नाही.

पंचवटीचा_पावा
रविवार, रात्री १०:५०

आज गंगेवरच तालीम ठेवली, पहाटे पाचला, मुद्दाम अंधारात, दिवे लावून. ताई, तुमच्या सांगण्यावरून टेम्पोचा आकार १२ वरून १४ पॉइंट केला आणि ठळक ठेवला, पार्टची स्टाफ स्पेस १.७५ वरून १.९ मिलिमीटर केली, ढोल आणि ताशाचं एक एक पान वाढलं पण ते चालेल. शब्द पण टाकले, ‘मध्यलय’ आणि खाली आकडा, मुक्ता फाँटमध्ये. हार्मोनियमवाल्या आमच्या मावशींनी पान बघून पहिल्यांदा लय विचारली नाही.

दादऱ्याला डॉटेड क्वार्टर केलं, बरोबर जुळलं. सी ला टेम्पो अक्षराच्या शेजारी सरकवला, आधी ढोलाच्या पार्टमध्ये करून बघितला, मग बाकीच्या पार्टमध्ये. स्कोअरमध्ये काही हलवलं नाही. ताशाचे ९ आणि ७ त्याने बोटाने मोजले आणि बरोबर वेळेला काडी उचलली.

सी ला ढोलाचे ते आठ बार मी मोबाइलच्या घड्याळावर धरले. ३२ ठोके, ९६ च्या लयीत ते २० सेकंद व्हायचे, आज साडेअठराच्या आसपास झाले आणि बाकीचे तेरा जण त्याच्यावर नेमके आले. नंतर त्याचं पान मागून घेतलं आणि दिव्याखाली धरून बघितलं. सी ची चौकट, शेजारी मध्यलय, १०४. दुसरा आकडा कुठेही नाही.

फाइल ठेवून दिली आहे, पाडव्यापर्यंत आता तिला हात लावत नाही.